पाणी पाजू तरी कोणतं?

मंगळवार, संध्याकाळ

यांचा दुसऱ्यांदा मुतखडा काढला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. कोणतं पाजू? कॅनवाल्याची गाडी चार दिवस आली नाही. घुग्घुसच्या आमच्या कॉलनीत नळाला येतं तेच उकळते, तर भगोण्याच्या बुडाशी पांढरा थर. कितीही घासा, तो थर जातच नाही.

आज पाहिलं तर हे भरलेला ग्लास चुपचाप मोरीत ओतून राह्यले होते. सकाळपासून घोटभरही प्यायले नव्हते.

"काऊन ओतता?" मी ओरडलीच.

"मले भेव वाटते," म्हणाले.

इतकी वर्षं खाणीत उतरणारा माणूस!

मी ग्लास पुन्हा भरला. अर्धा स्वतः प्यायली, अर्धा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे मिटून संपवला. मी पाजलं ते औषध होतं की पुढचा खडा?