वेणूच्या पत्रातले कंस

मंगळवार, ५ नोव्हें. १९३५. अमरावती.
शाळेतून आले तर द्वारकाबाई दारातच बसलेल्या. हाताला पीठ, मांडीवर कार्ड. अकोल्याहून वेणूचं. (शेजारीण या नात्याने त्यांची पत्रं मीच वाचते, मीच लिहिते. लेक माझीच विद्यार्थिनी, चार वर्षं.)

वाचून दाखवलं. ‘ती. आईस वेणूचा शि. सा. नमस्कार. येथील सर्व क्षेम. आता सातवा लागेल. बाळंतपण इकडेच करावे असे सर्वांचे मत आहे. माझीही इच्छा तीच आहे. काळजी नसावी.’

पहिलं बाळंतपण आणि सासरी! दिवाळीलाही पाठवलं नव्हतं. द्वा.बाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, “हे तिचं नाई, बाई.”

“अक्षर तिचंच आहे.”

“अक्षर असन. बोलणं तिचं नाई. पाण्याले जातो एवढं सांगाले माह्या पोरीले अर्धा घंटा लागे.”

त्यांचे भाऊ नारायणराव जाऊन आणायला तयार आहेत. पण तिचीच इच्छा असेल तर व्याह्यांशी वाकडं कशाला घ्यायचं? आणि नसेल तर? मला विचारतात, तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाले काय वाटते. भाकरी करपली.

गुरुवार, ७ नोव्हें.
द्वा.बाईंच्या डब्यातली जुनी पत्रं मागून आणली. तेव्हा पाकिटं असायची, आता नुसती कार्डं.

लग्नानंतरचं पहिलंच: ‘सासूबाई चांगल्या आहेत (मीठ मात्र इतकं घालतात की तू ताट सरकवलं असतंस), मामंजी फार बोलत नाहीत (पण मी शिंकले तरी खालून विचारतात कोण आजारी आहे), इकडे कापसाच्या जिनांचा धूर फार.’ पानभर असंच. दर ओळीत कंस. वाचताना मला हसू आवरेना.

उन्हाळ्यापासून कंस नाहीत. एकही नाही.

उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. ओट्यावर बसलो होतो. मीच म्हणाले होते, “वेणू, पत्रात इतके कंस? सुशिक्षित मुलीने सरळ लिहावं. सासरी कुणी वाचलं तर हसतील.” ती “बरं बाई” म्हणाली. म्हणजे माझं ऐकलं? की तिकडे कुणी

दोन्ही शक्य आहे. पहिलं असेल तर मी मूर्ख, दुसरं असेल तर… नको.

रविवार, १० नोव्हें.
उत्तर लिहायला बसलो. द्वा.बाई सांगतात, मी लिहिते. “लेहा, गाय व्याली, कालवड झाली — पाय सुजतात का तिचे, आन् रात्री झोप येते का — आन् लेहा का नारायणनं कपाशीचा पहिला वेचा आणला.”

मी लिहिलं: गाय व्याली, कालवड झाली. नारायणरावांनी कपाशीचा पहिला वेचा आणला.

“वाचा.” वाचलं. म्हणाल्या, “आन् मी मधात बोलली ते?”

“मधातलं काय?”

“पायाचं. झोपेचं.”

मी म्हटलं, ते तुम्ही असंच बोललात ना. तर त्या म्हणाल्या, “बाई, तेच तं इचारायचं व्हतं. नाईतं गायीचं काहून सांगन मी तिले? पोरीले सरळ इचाराची लाज वाटते, म्हणून गायीच्या मधात इचारतो.”

दीड वर्ष त्यांची पत्रं लिहिते आहे. दीड वर्ष मधलं सगळं गाळत आले. नीटनेटकं दिसावं म्हणून! तिकडे त्या पोरीने काय समजायचं? आईला गाय आणि कपाशी, आपलं काही नाही. फार लाज वाटली. त्यांना तसं म्हणाले. “जाऊ द्या,” म्हणाल्या. पण जाऊ देण्यासारखं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पुन्हा लिहिलं, शब्दन्शब्द, त्यांचं मधलं सगळं कंसात घालून. पाकिटात.

सोमवार, १८ नोव्हें.
उत्तर आलं. पुन्हा कार्ड. ‘आपले पत्र पोहोचले. कालवडीचे वाचून आनंद झाला. प्रकृती उत्तम आहे. बाळंतपणाचे ठरल्याप्रमाणे.’ पायांबद्दल अक्षर नाही, झोपेबद्दल नाही.

द्वा.बाईंनी कार्ड डब्यात ठेवलं आणि झाकण दोनदा दाबलं. मी रविवारी अकोल्याला जाऊन येते म्हटलं. शाळेच्या पुस्तकांचं निमित्त आहे. (निमित्त खोटं आहे.)

रविवार, २४ नोव्हें.
सकाळी बडनेऱ्याहून गाडी. अकोल्यात सगळीकडे कापूस, वेणूच्या सासरच्या अंगणातल्या तुळशीवरसुद्धा त्याचे तंतू बसलेले. सासूबाई साध्या, प्रेमळ वाटल्या. गरम शेवया पुढे केल्या. सासरे समोरच्या खुर्चीत.

वेणू आली. नमस्कार केला. “बाई, प्रवास ठीक झाला ना? आई बरी आहे ना?” आणि तेवढंच.

हीच का ती? बडबडीसाठी मी बाकावर उभं केलेली? तिथेही खाली वाकून शेजारणीला सांगायची. आज जे विचारावं त्याचं एकेका वाक्यात उत्तर. पाय सुजलेत. मी बघितले ते तिने बघितलं आणि पदराचा काठ खाली ओढला.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “आमची वेणू लय कमी बोलते. शहाणी हाय.”

मी शेवयांची वाटी खाली ठेवली.

सासरे म्हणाले, “तुमीच शिकवलं ना, बाई? कार्ड टाकाच्या आदी मी वाचतो. एक चूक सापडत नाई.” वाईट हेतूने म्हणाले असं नाही. अभिमान होता. की होता असं मला दिसावं असं

आणि तिथे मी काय केलं! घाबरले की मला जास्त बोलायची सवय. म्हणाले, “वेणू, पत्रात कंस घालत जा पहिल्यासारखे. मी लाल शाई लावणार नाही.” सासऱ्यांनी विचारलं, “कंसात काय लेहितात, बाई?” आणि मी, शाळामास्तरीण, वर्गात सांगावं तसं सांगितलं! की मुख्य वाक्य जगासाठी असतं, कंसात मनातलं येतं, बोलता बोलता मधेच निसटतं ते.

“असं का,” म्हणाले. मान डोलावली.

निघताना दाराशी क्षणभर दोघीच होतो. मी हळूच विचारलं, “माझ्यामुळे बंद केलंस का गं?” वेणू म्हणाली, “बाई, तुम्हीच तर तेव्हा—” तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. वेणूने तो माझ्या हातात दिला. हात गार होता.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

सोमवार, २५ नोव्हें.
द्वा.बाईंना सगळं सांगितलं. माझा मूर्खपणासुद्धा. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, “हात गार व्हता?”

नारायणराव ओट्यावरून: “अक्का, पोरगी सोता लेहिते का मी इथंच राह्यतो. काय तोंड घेऊन जाऊ मी?”

त्यांचंही खरं.

शनिवार, ३० नोव्हें.
पत्र नाही. चौथीच्या वह्या तपासायच्या राहिल्यात. पोस्टमन गल्लीत शिरला की दारात जाऊन उभी राहते. (ही वही चाळली. मी स्वतः किती कंस घालते! आणि मुलींना शिक्षा.)

गुरुवार, ५ डिसें.
कार्ड आलं.

‘ती. आईस शि. सा. नमस्कार. बाई येऊन गेल्या, आनंद झाला. बाळंतपण इकडेच होईल (’

आणि पुढे खोडलेलं. काळंभोर, निब मोडेल इतकं घासून. मग ‘)’. मग ‘सर्वांस नमस्कार. वेणू.’

खिडकीशी उजेडात धरलं. मागून पाहिलं. काही लागत नाही. शाई तीच. घरात दौत एकच असणार, त्यावरून काय कळणार? तिने लिहून तिनेच खोडलं? की तिने लिहिलं आणि ज्यांना मी कंस समजावून दिला त्यांनी…

द्वा.बाई आल्या. वाचायला लागले. कंसापाशी थांबले.

“काहून थांबल्या?”

गाळून पुढे जाता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं. म्हटलं, “इथे तिने मधातलं काही लिहिलं होतं. ते खोडलंय.”

त्यांनी कार्ड हातात घेतलं. “कुठी?” मी त्यांचं बोट त्या डागावर ठेवलं.

“लांब हाय का?”

“दीड ओळ.”

बोट तिथेच. “कोनं खोडलं?”

“सांगता येत नाही.”

“पन बोलली व्हती.”

“हो. बोलली होती.”

उठल्या. दारातून भावाला हाक मारली: “नारायण, परवाच्या गाडीनं जाऊ. मी बी येतो.”

शनिवार, ७ डिसें.
सकाळी दोघं गेली. द्वा.बाई आयुष्यात दुसऱ्यांदा आगगाडीत बसल्या. टांग्यात चढताना म्हणाल्या, “नाई येत म्हणाली तं तिच्या तोंडानं आयकीन. मंग खरं.” मी त्यांना सांगू शकले नाही की परवापासून मला दुसरीच भीती आहे. त्या दीड ओळीत ‘मला खरंच इथे बरं वाटतं’ असंही असू शकतं. आणि मग आम्ही तिच्या संसारात

दिवसभर वह्या. एका मुलीने लिहिलंय: ‘आमची गाय पांढरी आहे (आजी म्हणते ती देवाची आहे पण ती मला मारते).’ लाल शाईत टाक बुडवला. पुसून ठेवला.

दिवेलागण झाली. गाडी येऊन गेली असणार. चुलीवर भात जास्तीचा टाकलाय, तिघं आली तरी पुरेल इतका.

कोपऱ्यावर टांगा थांबला. द्वा.बाईंचा आवाज ओळखू येतो. बोलताहेत, मधेच थांबताहेत, पुन्हा बोलताहेत. थांबतात तेव्हा तिसरं कुणी उत्तर देतंय की नुसताच दम घेताहेत, हे इथून