टाकीवरची सोनेरी रेघ

६ मार्च १९८४, मंगळवार

पिम येऊन गेला. रिटायर शाळामास्तर. जन्मात हातात पाना धरलेला नाही आणि आमच्या हॉलिस-वेन मोटरसायकल कारखान्याचा इतिहास लिहितोय! चारशे पानं! कारखाना चालू होता तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. बंद पडून बारा वर्षं झाली, आता ह्यांना उमाळे.

"मिसेस ट्रँटर, तुम्ही पेट्रोलच्या टाक्यांवर रेघा मारायचात तेव्हाच्या काही आठवणी?"

म्हटलं, आठवणी कसल्या? पाठ दुखायची.

छापायच्या आधीची पानं ठेवून गेलाय. चुका दाखवा म्हणे. दाखवते ना!

७ मार्च

वाचलं. एकट्या कार्ब्युरेटरवर अकरा पानं! प्रत्येक इंजिनाची जन्मतारीख, नंबर, वजन. माणसं औषधालाही नाहीत. आणि रेघा म्हणे साच्यानं मारत. साचा! आमचा हात हाच साचा. लांब केसांचा ब्रश, सोनेरी रंग, श्वास रोखायचा आणि एका दमात टाकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिंक आली की टाकी गेली.

मग पान एकशे बारा. १९३८ च्या लंडनच्या प्रदर्शनात मालकांची नाचक्की झाली, कारण नव्या गाडीच्या टाकीवरची रेघ वाकडी. "मिस डी. हॅकेट यांचा निष्काळजीपणा."

डॉट! माझ्या शेजारच्या बाकावरची डॉट! फोरमन कॉलिंग्जनं सोमवारी सकाळी तिला काढलं. त्याचा डूख होताच तिच्यावर. पुढं कुठल्याच कारखान्यानं तिला ब्रश धरू दिला नाही. तीस वर्षं लाँड्रीत चादरी धुतल्या बाईनं. आता हे पुस्तकात!

८ मार्च

पिमला फोन केला. नाव काढा म्हटलं. ती जिवंत आहे अजून.

"फोरमनच्या वहीत तसंच आहे. मी पुराव्यावर चालतो, मिसेस ट्रँटर."

म्हटलं, चाला. पण डॉटच्या अंगावरून नको.

ती टाकी लेस्टरच्या कुणा हौशी माणसाकडे आहे म्हणे. फोटो मागवतो म्हणाला. मागव. त्या रेघेत काही खोट नसणार, बघच तू.

१० मार्च

बस धरून सॉलीहलला डॉटकडे गेले, त्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये. डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री नेली होती. तिथलं जेवण म्हणजे उकडलेलं पोतेरं. पान वाचून दाखवलं. ही बया हसत सुटली!

"राहू दे की, एनिड. सत्तर वर्षांत पहिल्यांदा नाव छापून येतंय माझं."

"वाकडी रेघ मारली म्हणून?"

"मग? सरळ मारणाऱ्यांचं कुणी लिहिलंय का?"

वर अर्धी पेस्ट्री मलाच खायला लावली. मी काही ऐकणार नाही. नाव काढायला लावणारच.

११ मार्च

काही नाही. गुडघा दुखतोय.

१३ मार्च

फोटो आला. पिमनं चिठ्ठी जोडलीय: "आपलं मत कळवावं." भिंग घेऊन बसले.

रेघ वाकडी आहे. मधोमध पोट आल्यासारखी. ते एक.

दुसरं. ब्रश टेकतो तिथं रेघ जाड, उचलतो तिथं बारीक. आमच्याकडे सगळ्या मुली पुढून मागं, सीटकडे ओढायच्या. मी एकटी डावखुरी. मी मागून पुढं ओढायचे. कॉलिंग्ज त्यावरून बोलायचा, पण टाक्या भराभर निघायच्या म्हणून चालवून घेतलं.

फोटोत सीटकडे जाड आहे.

तीनदा बघितलं. चहा गार झाला.

१४ मार्च

डॉटला फोटो दाखवला. भिंग दिलं. तिनं भिंग बाजूला ठेवलं.

"रेघ तुझी आहे ते मला त्याच सोमवारी कळलं होतं गं. कॉलिंग्जनं टाकी माझ्या बाकावर आपटली ना, तेव्हाच."

मग बोलली का नाहीस!

"तुझा नवरा फ्रँक छाती धरून अंथरुणावर. घरात तान्हं. माझं काय, मी आईकडे जेवत होते. वाटलं, महिन्याभरात दुसरीकडे लागेन."

फोटो पिशवीत घातला, परत काढला, परत घातला. एका नर्सनं विचारलं, बाई बऱ्या आहात ना.

निघताना डॉट म्हणाली, "त्या मास्तरला काही कळवू नकोस हं. छापलं ते असू दे. आता नवीन काही बिघडवू नकोस."

१५ मार्च

पिमला पत्र टाकलं. पान एकशे बारा. मिस हॅकेट खोडा. मिसेस एनिड ट्रँटर लिहा. बाकीची चारशे पानं तुमची तुम्हाला लखलाभ.