पिल्लू जेवत नाही म्हणून

प्रिय सेनामी,

तुझी चिठ्ठी मासेवालीने मंगळवारी आणून दिली. धुरावलेल्या माशांच्या टोपलीतून आली, त्यामुळे वाचायच्या आधी मला भूकच लागली. पहिलं हे ऐक, रडू नकोस. वर्षभराचं अजगराचं पिल्लू दोन महिने जेवलं नाही म्हणून लगेच मरत नाही. तुझ्या बापाच्या हाताखालचे मोठे अजगर कोरडा वारा सुटला की चार-चार महिने तोंड उघडत नाहीत आणि तरी मजेत असतात.

चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. मुद्दामच! तुझा बाप, माझा भाऊ अगोसू, समोर ओट्यावर अजगरांची मडकी धूत बसला होता. तू गिल्दासशी लग्न केलंस त्याला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांत या माणसाने आपल्या लेकीचं नाव तोंडातून काढलेलं नाही. गावाचे देवासमान अजगर ज्याने सांभाळायचे, त्याच्या पोरीने पिल्लं खोक्यात भरून परदेशी धाडणाऱ्याचा हात धरावा, हे त्याला फार लागलं गं. पण गिल्दासने तो धंदा सोडला, आता छपराचे पत्रे विकतो, असं मी वाचलं तेव्हा त्याचा हात मडक्यातच थांबला. उरलेल्या सहा पिल्लांपैकी पाच रानात सोडली आणि एक तू ठेवून घेतलंस, का, तर त्याच्या पाठीवरचा पिवळा पट्टा फार देखणा! हे वाचलं तेव्हा तो मडक्याकडे बघत म्हणाला, "रूप बघूनच निवडलं ना? नवराही असाच निवडला होता." तीन वर्षांनी तुझ्याबद्दल बोलला, आणि काय तर टोमणा. पण बोलला! मी तोंड फिरवून हसले.

मग गडी थांबेचना. पिल्लू हातात घेऊन बघावं, अंग भरलेलं हवं, डोळे स्वच्छ हवेत, जीभ सारखी आतबाहेर करणारं हवं, नाकाशी फेस नको, खवल्यांत गोचीड नको. घाबरलं की ते गुंडाळून चेंडू होतंच, पण थोड्या वेळाने जे आपणहून डोकं बाहेर काढतं ते घ्यावं. मी विचारलं, हे कुणाला सांगतोयस? म्हणाला, मडक्याला. बरं बाबा, मडक्याला तर मडक्याला. मी आत जाऊन पेन्सिल शोधून आणली.

खरी गोम तुझ्या चिठ्ठीच्या शेवटी होती. पिल्लाला तू बैठकीत, थेट एसीखाली ठेवलंस, कारण मानाचा पाहुणा. आणि येणारा प्रत्येक जण, शेजारीण काय, पत्र्याचं गिऱ्हाईक काय, त्याच्यापुढे कपाळ टेकतो, मग उचलून गळ्यात घालतो. नाही कसं म्हणू, असं वर मलाच विचारतेस! अगं वेडे, अगोसूने कपाळावर हात मारून घेतला. "दिवसाला वीस माणसं मला गळ्यात घालायला लागली तर मी तरी अकासाचा घास गिळेन का?" आपल्याकडे अजगर वाटेत भेटला तर नमस्कार करतात, आणि मग तो आपल्या वाटेने निघून जातो. तुझ्या काचेच्या पेटीतून तो जाणार कुठे?

तेव्हा पेटी आतल्या खोलीत हलव, गारव्यापासून लांब. आत एक लहानसं मातीचं मडकं आडवं टाक, असं की आत शिरल्यावर त्याचं अंग चहूबाजूंनी टेकेल. पाणी रोज बदल. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, नमस्कार दारातून. त्यानंतर संध्याकाळी एक उंदीर दे, त्याच्या अंगापेक्षा जाड नको, आणि खाल्लं की दोन दिवस उचलू नकोस. डोळे दुधासारखे झाले तर कात टाकायची वेळ आली समज, मडक्यात ओलं फडकं ठेव. पाठीचा कणा वर दिसू लागला तरच घाबर. हे सगळं सांगताना मध्येच तो म्हणाला, चार वर्षांची असताना हिच्या अंथरुणात अजगर शिरला होता, तर हिने त्यालाच पांघरूण घातलं. मी तर विसरलेच होते गं. त्याला पांघरुणाचा रंगही आठवत होता.

बाकी इथे सगळं छान. शेळी व्याली, दोन करडं आहेत, आणि माझा गुडघा पुन्हा बाजाराला जायच्या लायकीचा झालाय.

आता पत्र कशासाठी ते सांगते. उपाय तर मासेवालीकडून तोंडीही कळवता आले असते. पण जेवण झाल्यावर अगोसू माझ्याकडे आला आणि म्हणाला, पिल्लू डोळ्यांनी बघितल्याशिवाय खात्री नाही, त्यांना आणायला सांग. थापा! चाळीस वर्षं हा ओट्यावर बसूनच लोकांना उपाय सांगतोय. दाराशी पोचून पुन्हा वळला, म्हणाला, पिल्लाची टोपली तिने नाही, तिच्या नवऱ्याने उचलायची. समजतंय ना तुला, सेनामी? अजगर घेऊन आलेल्याला तुझ्या बापाला दारातून परत पाठवता येत नाही. आत बसवायचं, स्वतःच्या हाताने पाणी द्यायचं, नाव घेऊन आभार मानायचे, मग तो कुणी का असेना. त्याने हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही. तर पिल्लू जेवलं की त्यानंतरच्या रविवारी तिघंही या. मी लिहायला बसल्यापासून तो परसात झाडू मारतोय, आणि मला ऐकू जात नाही असं समजून म्हणून बघतोय, "गिल्दास, उपकार झाले." दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा नीट जमलं.

वाट बघणारी तुझीच,
अफियावी आत्या