गोल गव्हाण आणि धाकट्याचा कोट

४ डिसेंबर
शी! पुन्हा तेच. जेवणाच्या टेबलापर्यंत शेणाचे बूट! धाकट्याला हजारदा सांगितलं, बूट बाहेर काढ. "विसरलो गं ताई." भाऊ कसला, चालताबोलता उकिरडा!

नवी गोल गव्हाण मात्र झकास. लोखंडी कडं, आत गवताचा अख्खा गोल गठ्ठा, आणि गाई चारी बाजूंनी माना घालून खातात. एक गठ्ठा टाकला की चार दिवस बघायला नको. पाळ्या ठरल्या — एक गठ्ठा त्याचा, एक माझा. त्यानं मागच्या रानातले घरचे आणायचे, पांढऱ्या जाळीतले. मी फाटकाजवळचे विकतचे, हिरव्या जाळीतले. गव्हाणीत ठेवण्याआधी गठ्ठ्याभोवती गुंडाळलेली ती प्लॅस्टिकची जाळी कापून काढायची, एवढंच काम.

१९ डिसेंबर
माझी पाळी. गारठ्यानं जाळी खालून गठ्ठ्याला घट्ट चिकटलेली. वरची काढली, खालची राहू दिली. त्या घाणीत कोण हात घालणार? गाई थोड्याच जाळी खातात!

८ जानेवारी
गव्हाणीभोवती घोट्यापर्यंत राडा. शेण, मूत, कुजकं गवत — वास नाकातून जात नाही. आणि धाकटा त्यात गुडघ्यांवर! उघड्या हातांनी चिवडत होता.

घरात आला तो तसाच. कोटाचे खिसे ओलेगच्च, फुगलेले. "ताई, एक सांगू का?"

"आधी हात धू, मग बोल!"

हात धुऊन आला आणि सरळ जेवायला बसला.

२ फेब्रुवारी
आमची टिकली गाय खात नाही. पोट फुगलंय, पाठीची हाडं मोजता येतात. गाभण आहे. त्यात ती धाकट्याचा जीव की प्राण, त्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. सारखा तिच्यापाशी बसून असतो. अंगाला तिचाच वास मारतो आता.

२६ फेब्रुवारी
टिकली गेली. वासरू पोटातच.

गुरांच्या डॉक्टरांनी पोट फाडलं. कोपरापर्यंत हात घालून एक गोळा बाहेर ओढला — काळा, बुळबुळीत, माणसाच्या डोक्याएवढा. "जाळी आहे ही. गवताबरोबर जाते, महिनोन्महिने साठत राहते." मी तिथेच भडाभडा ओकले.

आणि मग माझं तोंड सुटलं. बाबांसमोर सगळं काढलं — बूट, राडा, विसरणं. याला एक काम धड जमत नाही! जाळी याच्याशिवाय कोण ठेवणार?

धाकटा म्हणाला, "माझ्याच हातून राहिली असेल." बस्स, एवढंच.

१ मार्च
बाबांनी निकाल लावला. गुरांना हात लावायचा नाही, मामाच्या रंगाच्या दुकानात बसायचं. त्या चार भिंतींत याला कसं करमणार, देव जाणे. जाताना गोठ्यात गेला, एकेकीच्या कपाळावरून हात फिरवला. मला दया नाही आली. किळस आली. स्वतःच्या हलगर्जीपणानं जीव घ्यायचा आणि वर डोळे पुसायचे!

२ मार्च
घर स्वच्छ. पायपुसणं कोरडं. हुश्श!

५ मार्च
त्याचा कोट दाराआड राहिला होता. घाणेरडा, वाळून ताठ झालेला. बाबा म्हणाले, जाळून टाक. चिमटीत धरून मागे नेला. खिसे उलटे केले तर जाळीचे तुकडे. मूठ मूठ, शेणात लडबडलेले. बादलीत खंगाळले.

हिरवे. सगळे हिरवे! पांढरा धागा एक नाही.

म्हणजे त्या राड्यात तो माझी घाण वेचत होता. आणि मी त्याला हात धुवायला पाठवलं. स्वतःचे हात बघवत नाहीत मला.

बाबा बाहेरून विचारताहेत, "जाळलास का गं तो कोट?"

दुसऱ्यांदा विचारताहेत. उठते. सगळं सांगते.