वलयातली ठमी

५ डिसेंबर

आले एकदाची! टेकडीवरच्या वेधशाळेत हवामान-नोंदींची नोकरी, दोन खोल्यांचं क्वार्टर आणि ठमीला हुंदडायला मोकळं रान. ठमी म्हणजे माझी सहा वर्षांची लेक. प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करते. नवरा त्याची बदली होईपर्यंत जुन्या गावीच. चौकीदारकाकांनी किल्ल्या दिल्या आणि बजावलं, की मावळतीच्या नोंदीला लेकीला गच्चीवर नेलंत तर सूर्य पुरता बुडेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही. इथे सगळेच तसं करतात म्हणे. बरं बाबा, म्हटलं. तसाही कठडा ठेंगणाच आहे.

७ डिसेंबर

आज दिसलं! पाठीशी मावळता सूर्य, समोर दरीतून वर आलेलं धुकं आणि त्यावर आम्हा दोघींच्या ताडमाड सावल्या. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलय. ठमी म्हणे, वलय तिच्याच डोक्याभोवती आहे. चांगलीच जुंपली आमची! समजावलं, की ज्याचे डोळे त्याच्याच सावलीला वलय. दुसऱ्याचं कधी दिसतच नाही. तिला काही पटेना. मग म्हटलं, जा, त्या टोकाला उभी राहा, म्हणजे कळेल. हात सोडला. काका खालून केवढ्यांदा ओरडले! असा राग आला मला. लहान पोर आहे का मी?

क्षणभर मला ठमीच्या सावलीभोवती वलय दिसलं. डोळे दिपले असणार.

८ डिसेंबर

ठमी गप्प आहे. ताप नाही. सकाळपासून एक प्रश्न नाही. इतकी शहाण्यासारखी वागतेय की मला रडू येतंय.

९ डिसेंबर

मावळतीला एकटीच वर गेले. धुक्यावर सावल्या दोन. लहानीभोवती वलय. ती हात हलवत होती —

धावत खाली. ठमी काकांशेजारी पायरीवर, उन्हात. काकांची सावली भिंतीवर. तिची नाही. काका माझ्याकडे बघेनात.

१० डिसेंबर

नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलल्यावर कापून टाकला. काका म्हणतात, सुटलेला हात तिथेच जाऊन धरावा लागतो. कोणी धरून परत आलंय का, विचारलं. ते उठून गेले.

११ डिसेंबर

गच्चीवर. वही कठड्यावर. वलय ठमीभोवतीच — म्हणजे तिचे डोळे तिकडे आहेत. माझी लेक तिकडे आहे. आणि मला बघतेय. मीच हात सोडला, मेलीने —

धुकं कठड्याला लागलंय. तिने हात पुढे केलाय.

घरातली ती मागे येऊन उभी राहिलीय. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आई, जा ना, सूर्य बुडतोय —

आले गं बाळा. अजून थोडा पुढे कर हात. अजून थोडा —