काडतुसांचा हातप्रेस

३ नोव्हें. ९७, सोम.
अरबाबने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, प्रेसच्या डायचं, म्हणजे साच्याचं, काम लेट झालं म्हणून या अरब मालकाच्या शिव्या खायच्या. पण टेबलावर इंग्रजी कॅटलॉग, चार हातप्रेसवर पेनाच्या खुणा. "मोहन, तू प्रेसवाला आदमी. बोल, कौनसा अच्छा?"
वाकून नीट बघितलं. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं करायचे प्रेस. त्याला निशाणेबाजीचा शौक, दोन बंदुका आहेत, हे सगळ्या वर्कशॉपला माहीत. पण काडतुसं घरी भरायची?
शनिवारपर्यंत सांगायचंय. कॅटलॉग घरी आणला, भाजीच्या पिशवीत दडवून.

५ नोव्हें., बुध.
दोन बाद. फ्रेम हलकी, चार दिवसांत वाकेल. उरले दोन. एक साधा, एका वेळी एक पुंगळी, सगळं हाताने. दुसरा भराभर, दांडा ओढला की काडतूस तयार. अरबाबला हाच आवडणार. पण एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली तर? घाईत दिसणार कुणाला? बंदूक फुटणार त्याच्या तोंडापाशी. मशीन निवडलं कुणी, तर मी.
भोसरीला गायकवाडची बोटं प्रेसखाली गेली तेव्हा शेजारच्या मशीनवर मी होतो. तो आवाज...
रुचाने चित्र बघितलं. "बाबा, इज इट अ ज्यूसर?" हो म्हटलं. सात वर्षांच्या पोरीशी खोटं बोललो.

८ नोव्हें., शनि.
साधा सांगितला. "हर एक आँख से देख के भरना, अरबाब. जल्दीवाला खतरा है."
"तू डरता है?"
"हां, डरता है."
हसला. "खलास. छोटावाला मंगाएगा."
तेवढ्यावर थांबायला हवं होतं. लायसन्सचं विचारलं. चेहरा बदलला. "बंदूक का है. मशीन का कायको?"
कुरियन कंपनीची व्हिसाची कामं बघतो, त्याला कायदा माहीत असेल म्हणून गेलो. त्याने आधी दार लावलं. सगळं ऐकून म्हणाला, "मोहनभाई, ये बात तुमने मेरे से किया नहीं."
म्हणजे काय ते कळलं. लायसन्सशिवाय हे बेकायदा.

११ नोव्हें., मंगळ.
सुनंदाला सांगून टाकलं. ताटातलं जेवण तसंच राहत होतं, तिने ओळखलंच होतं. "निवडून दिलंत ना? आता संपलं?"
संपलं म्हणालो.

१९ डिसें., शुक्र.
सकाळी अरबाबचा ड्रायव्हर दारात, हातात प्रेसची जड पेटी. पाठोपाठ फोन. "तेरे पास रख. मेरे घर में बच्चा लोग है. जुम्मे को तू और मैं बैठ के भरेगा." दारूचे डबे पुढच्या आठवड्यात येणार म्हणे.
माझ्या घरात मूल नाही? ओठांवर आलं होतं. "जी अरबाब" म्हणालो. मीच.
सुनंदा दारात आडवी उभी. "ही पेटी आत येणार नाही."
"तिघांचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत आहेत, सुनंदा."
"असू देत. हाकललं तर पुण्यात एका खोलीत राहीन. पण पोलीस आले तर पकडतील कुणाला, त्याला?"
तासभर पेटी जिन्यात. कुणी वर-खाली गेलं की मी पेटीपुढे उभा राही. शेवटी टॅक्सी केली. इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी येऊन थांबली. त्यांनी बघितलंही नसेल. मी नजर समोरच ठेवली.
शुक्रवारची सुट्टी, वर्कशॉप बंद, किल्ली माझ्याकडे असते. पेटी त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

२० डिसें., शनि.
सातलाच आलो. अरबाब नऊला. पेटी बघितली, मग मला.
वाक्य पाठ करून आलो होतो. "मेरे घर में भी बच्ची है, अरबाब. मैं नहीं रखेगा. भरेगा भी नहीं." पूर्ण बोललो.
त्याने चहा मागवला. मला बस म्हणाला नाही. चहा संपेपर्यंत उभा होतो.
मग, "तेरा वीजा कब खतम?"
"मार्च में."
"इन्शाल्ला," म्हणाला, नि गाडीची किल्ली उचलून निघून गेला. पेटी तिथेच.
सुनंदाचे दोन फोन येऊन गेले. घेतले नाहीत. काय सांगू तिला, व्हिसा रिन्यू करणार म्हणाला की नाही करणार, मलाच कळलं नाही.