श्रीपतीचे पथ्य

राइट टाउन, जबलपूर
आश्विन वद्य द्वितीया

श्रीयुत गुणवंतराव भाऊजी यांच्या सेवेशी,

चिंतामणीचा आदरपूर्वक नमस्कार पोचावा. इकडे सर्व जण हयात आहेत. ‘कुशल’ हा शब्द लिहिण्याचे धाडस तूर्त होत नाही. आपल्या गुडघ्याने यंदाच्या पावसात फार छळले नसेल, शकुताईचा खोकला थांबला असेल आणि कापसाचा भाव आपल्या मनासारखा निघाला असेल, अशी आशा करतो. पत्राला फार उशीर झाला. का झाला ते खाली सविस्तर लिहितो. शक्यतो बसून वाचावे.

चैत्रात आपण काठियावाडहून परतताना वाट वाकडी करून इकडे आलात आणि मुठीत मावेल एवढे, पाठीवर चांदण्या असलेले कासवाचे पिल्लू आईच्या ओंजळीत ठेवलेत. “सासूबाईंना जरा विरंगुळा होईल,” हे आपले शब्द. आपला हेतू निर्मळ होता असे मी शपथेवर सांगेन (कचेरीतच नोकरीला आहे, त्यामुळे शपथेची सवय आहे). बाबा गेल्यापासून आई घरात असून नसल्यासारखी झाली होती. जेवायला बसवले तर चार घास, बोलायला गेले तर हो किंवा नाही. त्या पिल्लाने मान बाहेर काढून तिच्याकडे पाहिले आणि आई चक्क पदर सावरून बसली. दुसऱ्या दिवशी तिने त्याचे नाव श्रीपती ठेवले आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःहून चुलीपुढे गेली. आम्हाला आनंद झाला. केवढे मूर्ख होतो आम्ही!

कासव म्हणजे साक्षात विष्णूचा अवतार, तेव्हा त्याने पाला खायचा म्हणजे आपल्या घराण्याची अब्रू गेली, असा आईचा सिद्धांत. श्रीपतीला सकाळी केशर घातलेले दूध, दुपारी वरणभात, त्यावर साजूक तूप, संध्याकाळी शिरा. सणावारी पुरण. एकादशीला साबुदाण्याची खिचडी (तिखट न घालता, लहान आहे म्हणून). मुक्काम देवघरात, ताम्हनात, समईच्या उजेडात. आणि गुरुवारी पंचामृताने स्नान! मध पाठीवर तसाच राहून मुंग्या लागल्या, तेव्हा विनताने, म्हणजे माझ्या कुटुंबाने, भीत भीत म्हटले की सासूबाई, याला थोडा पालक देऊन पाहावा का? आई म्हणाली, “तुला काहून त्याचा घास डोळ्यांत खुपून राहिला?” विनता त्यानंतर आठवडाभर पालक हा शब्द घरात उच्चारत नव्हती.

श्रावण लागेपर्यंत श्रीपतीचे चालणे थांबले. डोळे मिटलेले. तुपाचा घास पुढे केला की मान आत. मी एकदा उचलून पाहिले. भाऊजी, कासवाची पाठ म्हणजे ढाल, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही ढाल बोटाखाली भिजलेल्या पापडासारखी दबली! मी आईला सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. तिने चूल पुन्हा सोडली होती आणि ती देवघराच्या उंबऱ्यावर नुसती बसून राहू लागली, बाबांच्या शेवटच्या दिवसांत बसायची तशीच. जनावरांच्या डॉक्टरकडे मी श्रीपतीला रुमालात गुंडाळून घेऊन गेलो. त्यांचा सगळा जन्म पलटणीच्या खेचरांत गेलेला. त्यांनी बराच वेळ श्रीपतीची नाल शोधली असावी, असे मला वाटले. मग म्हणाले, घरी न्या.

आता आमच्या शेजाराविषयी लिहिणे भाग आहे. मेंदीच्या कुंपणापलीकडे रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांचे बिऱ्हाड आहे. त्यांची मेम, मिसेस डिक्रूझ, मद्रासकडची. त्यांच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासांबद्दल मी लिहीत नाही. आई त्या बाजूची खिडकी वर्षानुवर्षे उघडत नव्हती, एवढ्यावरून समजावे. एका उघडिपीच्या दिवशी आई श्रीपतीला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती, चमच्याने दूध पाजून राहिली होती. तोच कुंपणावरून मेमचे डोके वर आले आणि तिने किंकाळी फोडली, “अरे बाई, ये क्या करता है? दूध मत दो! बच्चा मर जाएगा!”

आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की दुसरे कोणी असते तर राख झाले असते. पण मेम जागची हलेना. तिच्या माहेरच्या बागेत म्हणे ही चांदण्यांची कासवे डझनांनी हिंडायची. त्यांना दूध नको, भात नको, गोड तर मुळीच नको. गवत, जास्वंदीची फुले, काटे काढलेले निवडुंगाचे फडे, भोपळ्याचा पाला. ऊन पाहिजे. उथळ पाण्यात बसवले पाहिजे. आणि पाठ मऊ झाली आहे म्हणून अंड्याचे टरफल कुटून रोज चिमूटभर. ‘अंड्याचे’ हा शब्द ऐकताच आई उठली, आत गेली आणि तिने श्रीपतीसह स्नान केले. मला वाटले, प्रकरण मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून आलो तर आई घरात नाही. देवघर रिकामे, ताम्हन रिकामे. विनता नुसते कुंपणाकडे बोट दाखवीत होती. मी मेंदी बाजूला सारून पाहिले. भाऊजी, आपल्या सासूबाई, ज्यांनी कचेरीतून आलेल्या मुलाला आंघोळ केल्याशिवाय कधी पाणी दिले नाही, त्या सोवळे नेसून मेमसाहेबांच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या! आत अंडी उकडत होती. एका हातात श्रीपती, दुसरा हात पुढे पसरलेला. आणि आपल्या सासूबाई म्हणत होत्या, “मेमसाब, छिलका दो. साफ छिलका. मेरा बच्चा है ये.”

मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो. बादली पालथी नव्हती, हे बसल्यावर समजले.

मी तशा ओल्या धोतराने पलीकडे जाऊन समोर उभा राहिलो तरी आई दचकली नाही. मी विचारले, “आई, अंडं? आपल्या घरात?” ती म्हणाली, “टरफल म्हंजे अंडं नव्हे. नारळाच्या करवंटीला तू खोबरं म्हणून राहिला का? तुझ्या बाबांच्या वेळी काय करावं ते कोणी सांगितलं नाही रे मला. हिनं सांगितलं. मी ऐकून राहिली. आता बाजूला हो, उन्हात उभा आहेस त्याच्या.”

मी बाजूला झालो.

टरफले घरी आली, उकळून वाळवली गेली, खलबत्त्यात कुटली गेली. (वेलदोड्यांसाठी विनताने माहेरून दुसरा खलबत्ता मागवला आहे.) जास्वंदीच्या पाकळीवर ती पूड भुरभुरून आईने पुढे केली. पहिले काही दिवस श्रीपतीने ढुंकून पाहिले नाही, आणि आई तशीच पाकळी धरून उन्हात. मग एका सकाळी आईने अशी हाक मारली की मी अर्ध्या दाढीने धावलो. श्रीपतीचे डोळे उघडे होते, आणि तो चिमुकल्या तोंडाने ती पाकळी फाडून फाडून खात होता, दरोडेखोर शिरल्यासारखा! कुंपणावर मेम टाळ्या पिटत होती. आणि आई हसत होती, भाऊजी. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. बाबा गेल्यानंतर हा आवाज मी विसरलोच होतो. मला काय करावे सुचेना, म्हणून साबण पुसला.

आज पाठ टणक आहे, चालणे दांडगे आहे. तुळशीची खालची पाने त्याने साफ केली; आई म्हणते, त्याचीच आहेत. मेम रोज आमच्या ओट्यावर येऊन बसते. तिच्या हातचा चहा आई अजून घेत नाही, परंतु ‘अजून’ हा शब्द आईचाच आहे. मी दिवसातून निदान एकदा भिंतीला धरून उभा राहतो.

शकुताईस आशीर्वाद मागितले आहेत असे सांगावे. आपल्या मातोश्रींच्या चरणी माझे मस्तक. लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकावा.

आपला हादरलेला मेहुणा,
चिंतामणी

ता. क. लिहिण्याचे कारण राहूनच गेले. दिवाळी झाली की आई दोन महिने आपल्याकडे अकोल्यास येणार आहे. श्रीपती अर्थात बरोबर. फडे निवडुंग आपल्याकडे बांधाला हवे तेवढे आहेत, ती चिंता नाही. परंतु आपल्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चालत नाही, हे आईला माहीत असूनही ती म्हणते, “गुणवंतराव करतील काहीतरी.” तेव्हा टरफलांची व्यवस्था कुठे व कशी करावी, आणि मातोश्रींस ही गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी, हे आपण आत्तापासून ठरवून ठेवावे.

दुसरी ता. क. आई आत्ताच येऊन डोकावून गेली. मिसेस डिक्रूझही येत आहेत. रेल्वेचा पास आहे, आणि पथ्यात चूक नको, असे दोघींचे ठरले आहे. आईची इच्छा अशी की जेवताना दोघींची पाने शेजारी शेजारी मांडावीत. आपण मला तार कराल हे जाणून आधीच कळवतो की त्या सुमारास मी दौऱ्यावर असेन. कुठे, ते अजून ठरलेले नाही, पण लांब.